पत्र्याला सुटलेला घाम



पौषातल्या पहाटे पत्रा आतून ठिबकू लागला, की पुष्कळजण छप्पर गळते म्हणून डांबर आणतात. पण पाऊस नसताना पडणारे हे पाणी घरातलेच असते. आपला श्वास, चुलीवरचे आधण, ओले कपडे यांची वाफ गार पत्र्याला लागून तिचे पाणी होते. नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात तर हवेत ओल आधीच असते.

थंडी वाजते म्हणून झरोके चिंध्यांनी बुजवू नका. स्वयंपाक चालू असताना व नंतर तासभर झरोका आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. पत्र्यावर पाचटाचा जाड थर बांधल्यास पत्रा कमी गार पडतो. धुराड्याजवळ मात्र पाचट नको.

ज्वारी-गव्हाची पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, ठिबक चुकवून रचा. साठवणीच्या धान्यात ओलावा 10 ते 12 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. भिजलेले पोते लगेच उन्हात वाळवा. बुरशी चढलेले धान्य माणसांना नको, जनावरांनाही नको.

आणि एक. दारे-खिडक्या लावून पेटती शेगडी उशाशी घेऊन झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.