टर्कीच्या खिम्यात सफरचंद किसा

अमेरिकेतल्या मराठी घरांत टर्कीचा खिमा बहुतेक वेळा नाइलाजानेच येतो. मुलांनी शाळेत नाहीतर मित्राकडे स्पगेटी-मीटबॉल्स खाल्लेले असतात, आणि घरी आल्यावर तेच हवं असतं. बाहेरचे मीटबॉल्स बहुधा बीफचे, नाहीतर बीफ-पोर्क मिसळलेले. आपल्यातल्या अनेक घरांत ही दोन्ही मांसं चालत नाहीत. बकऱ्याच्या खिम्यासाठी देशी खाटकापर्यंत गाडी काढून जावं लागतं. मग सुपरमार्केटातून टर्कीच्या खिम्याचं एक पौंडाचं पाकीट उचललं जातं. त्यात आलं-लसूण, लाल तिखट, गरम मसाला पडतो, गोळे वळून ओव्हनमध्ये जातात, आणि ताटात येतात ते कोरडे ठणठणीत. मुलं सॉस चाटून गोळे बाजूला सारतात आणि घरात निकाल लागतो : टर्कीला चवच नाही.

चव आहे, पण हलकी आहे. मटणाचा उग्रपणा तिच्यात नाही, त्यामुळे मटणाचा मसाला घातला की फक्त मसालाच लागतो. मटणाइतकी चरबीही नाही, त्यामुळे मटणाइतकं शिजवलं की चोथा होतो. म्हणून माझं सरळ सांगणं आहे, की पुढच्या खेपेला मसाल्याचा डबा फडताळातच राहू द्या. खिम्यात एक आंबट सफरचंद किसा, मूठभर हिरवा पाला चिरून घाला आणि गोळे वेळेवर ओव्हनमधून बाहेर काढा.

निम्मं काम दुकानातच होतं. पाकिटावर ९९, ९३, ८५ असे आकडे असतात. खिम्यात किती टक्के भाग चरबीशिवायचा आहे, ते हे आकडे सांगतात. ‘तब्येतीला बरं’ म्हणून आपला हात ९९कडे जातो. तो खिमा नुसत्या छातीच्या मांसाचा असतो आणि गोळ्यांसाठी त्याच्याइतकं वाईट काही नाही. फळ घाला, पाव घाला, तो कोरडा व्हायचा तो होतोच. ९३चं पाकीट घ्या. त्यात मांडीचं गडद मांस असतं, थोडी चरबी असते, आणि चव तिथेच असते. आणखी एक गोष्ट. टर्की म्हणजे कमी चरबी, असं डोळे मिटून धरून चालू नका. ८५च्या टर्कीत ९३च्या बीफपेक्षा दुपटीने जास्त चरबी असते. पाकीट उलटून वाचायला दहा सेकंद पुरतात.

मांसात फळ म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात. का, ते मला कळलेलं नाही. कोळंबीत कैरी घालणारी, माशाच्या आमटीला बिंबलं लागतंच म्हणणारी माणसं आपणच ना? इराणातल्या तबरीझचे कोफ्ते प्रसिद्ध आहेत, त्यांच्या पोटात सुका आलुबुखार किंवा जर्दाळू आणि अक्रोड असतात. सिसिलीत खिम्याच्या गोळ्यांत मनुका आणि चिलगोजे घालतात. स्वीडनमध्ये मीटबॉल्सच्या शेजारी लिंगनबेरीचा जॅम असतोच. आणि खुद्द अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या टर्कीबरोबर क्रॅनबेरीचं सॉस नसेल, तर ताट अपुरं मानतात. आपल्या देशालाही हा पक्षी नवा नाही. मूळचा मेक्सिकोत माणसाळवलेला हा पक्षी १६१२च्या सुमाराला गोव्याहून थेट मोगल दरबारात पोचला होता. मुकर्रब खान या सरदाराने जहांगीर बादशहासाठी गोव्यातून जे अजब पशुपक्षी नेले, त्यांत एक टर्कीचा नर होता. त्याच्या डोक्या-मानेचे रंग बदलताना पाहून बादशहा इतका चकित झाला, की त्याने ते आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेलं या पक्ष्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तो पक्षी पुढे कोणी खाल्ला की नाही, ते सोडून द्या.

आता सफरचंदच का? मांस तापलं की त्यातली प्रथिनं आवळतात आणि पाणी बाहेर पिळून काढतात. चरबी असेल तर हे फारसं जाणवत नाही, टर्कीत लगेच जाणवतं. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असतं, आणि ते पेक्टिनमुळे धरून ठेवलेलं असतं. जॅम घट्ट करतं तेच पेक्टिन. किसलेले बारीक धागे खिम्यात पसरले, की गोळ्याला आतून ओल मिळते. शिवाय फळातल्या साखरेमुळे गोळे बाहेरून छान तांबूस होतात, आणि आंबटपणामुळे फिकी चव उठून येते. पण त्यासाठी सफरचंद आंबटच हवं. हिरवं ग्रॅनी स्मिथ उत्तम. गोड, पिठूळ लाल सफरचंदाने गोळे नुसतेच गुळमट लागतात.

एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम खिम्याला मध्यम आकाराचं एक ग्रॅनी स्मिथ पुरतं. सालासकट किसणीच्या जाड भोकांवर किसा. हा कीस तसाच खिम्यात ढकलू नका. मुठीत धरून एकदा हलका दाबा. भळाभळा वाहणारा रस वाटीत निघून जाईल आणि मुठीत ओलसर, मोकळा कीस उरेल. अगदी कोरडा पिळायचा नाही, कारण ओल तर आपल्याला हवीच आहे. वाटीतला रस फेकू नका, त्याचं काम पुढे आहे.

पाल्यांत टर्कीशी जवळचं नातं सेजचं. ही करडट हिरवी, लव असलेली पानं कच्ची खाल्ली तर कापरासारखी जहाल लागतात, पण लोण्यात पडली की त्यांचा नूरच बदलतो. एक लहान कांदा बारीक चिरा, लोणी पातळ करून त्यात मंद आंचेवर मऊ होऊ द्या, मग सेजची पाच-सहा पानं चिरून टाका. अर्ध्या मिनिटात पानं गडद होतात आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. लगेच थाइमची पानं आणि ठेचलेल्या दोन लसणीच्या पाकळ्या घाला, एकदा परता आणि गॅस बंद करा. हे मिश्रण पूर्ण गार झालं पाहिजे, गरम कांदा कच्च्या खिम्यात घालायचा नाही. पार्स्ली मात्र कच्चीच, भरपूर, देठांसकट बारीक चिरून घाला. ती मिळाली नाही तर कोथिंबीर घाला, बिघडत नाही. वाळलेला पाला वापरणार असाल, तर ताज्याच्या एक तृतीयांश घ्या. डबी दोन वर्षं जुनी असेल तर ती आधी हुंगा, वास येत नसेल तर चवही येणार नाही.

ब्रेडच्या दोन कापांच्या कडा काढून ते तीन मोठे चमचे दुधात भिजवा आणि बोटांनी चुरून लापशीसारखे करा. कोरडा ब्रेडक्रंब घातला की तो मांसातलंच पाणी शोषतो. भिजलेला पाव स्वतःचं पाणी घेऊन येतो आणि गोळा घट्ट होऊ देत नाही. त्यात सफरचंदाचा कीस, गार झालेला कांदा-सेज, पार्स्ली, एक अंडं, चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ आणि सढळ हाताने मिरपूड घालून आधी हे सगळं एकजीव करा. सुकवलेल्या क्रॅनबेरी आवडत असतील तर दोन चमचे चिरून घाला. त्यांना आधीच साखर लावलेली असते, म्हणून वेगळी साखर घालू नका. खिमा सगळ्यात शेवटी. बोटं फाकवून खालून वर उचलत मिसळा, कणकेसारखं मळू नका. फार मळलं की गोळे रबरी होतात. मिश्रण सैल वाटेल. वाटू दे. ब्रेड वाढवण्यापेक्षा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, ते आवळून येतं.

मीठ कसं बघायचं? कच्चा खिमा जिभेवर ठेवायचा नाही, कधीच नाही. चमचाभर मिश्रणाची चपटी टिक्की तव्यावर पूर्ण भाजून खाऊन बघा. मीठ, मिरी, पाला जे कमी असेल ते आत्ताच कळतं.

हाताला तेल लावून लिंबाएवढे गोळे वळा, वीसेक होतात. बेकिंगचा कागद घातलेल्या ट्रेवर सुटे सुटे ठेवा, वरून तेलाचा हात फिरवा आणि ४२५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २२० सेल्सियसला, पंधरा ते अठरा मिनिटं भाजा. इथे माझा आग्रह आहे : एक खुपसायचा थर्मामीटर विकत घ्या. सगळ्यात मोठ्या गोळ्याच्या मधोमध १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस दिसलं की ट्रे बाहेर काढा. त्याच्या आधी नाही, कारण दळताना मांसाच्या वरचे जंतू आतपर्यंत पोचलेले असतात. आणि त्यानंतरही नाही, कारण पुढच्या प्रत्येक मिनिटाला गोळा कोरडा होत जातो. रंगावर जाऊ नका. टर्की पूर्ण शिजली तरी कधी आतून गुलाबीसर दिसते, आणि पांढरी दिसली म्हणून शिजलेली असतेच असंही नाही. ‘असू दे अजून पाच मिनिटं’ या आपल्या सवयीनेच टर्की बदनाम झाली आहे.

दुसरी सवय धुण्याची. आपल्याकडे मांस तीन पाण्यांतून काढल्याशिवाय चैन पडत नाही. खिमा धुता येत नाहीच, पण कोंबडी-टर्कीचे तुकडेसुद्धा धुऊ नका, असं अमेरिकेचं कृषी खातंच सांगतं. धुण्याने जंतू मरत नाहीत, उडालेल्या पाण्याबरोबर सिंकमध्ये आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात. मरतात ते ७४ अंशांना. गोठलेलं पाकीट ओट्यावर न ठेवता आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बशीवर ठेवा, आणि सुटलेला खिमा एक-दोन दिवसांत वापरून टाका.

सफरचंदाचा हात बसला की बाकीचे प्रयोग तुमचे तुम्ही करालच. किसलेला कडक पेअर, आलं, पातीचा कांदा आणि कोथिंबीर हा मेळ फार छान जमतो. जर्दाळू, पुदिना आणि भाजलेले जिरे घातले तर गोळे इराणच्या वाटेला लागतात. ब्लूबेरी घालू नका, मिश्रण राखाडी-जांभळं होतं आणि मुलं तोंड फिरवतात. पपई, ताजा अननस आणि किवी ही तीन फळं मात्र खिम्यापासून लांबच ठेवा. कच्ची पपई मटणाला लावून आपण ते मऊ करतो, कारण तिच्यातला विकर प्रथिनं तोडतो. ताज्या अननसात आणि किवीतही असेच विकर असतात. मटणाच्या फोडीला ते उपयोगी, पण आधीच दळलेल्या मांसाचा त्यांनी लगदा होतो. डब्यातला अननस चालतो, तो डब्यात भरताना तापवलेला असल्यामुळे विकर निकामी झालेला असतो.

मुंबई-पुण्यात टर्की शोधत फिरू नका. कोंबडीच्या मांडीचा खिमा सांगा, बाकी सगळं हेच. सेज नसेल तर ओव्याची चार ताजी पानं लोण्यात परता. वास वेगळा, पण कोंबडीला तो छान शोभतो.

वाटीतला सफरचंदाचा रस आठवतोय? कढईत थोडं लोणी, एक चमचा मोहरीची पेस्ट आणि तो रस एकत्र उकळून निम्मा करा आणि गरम गोळे त्यात घोळवा. पाच मिनिटांचं काम आहे. वेळ असेल तर क्रॅनबेरीचा मेथांबा करा. ताजी क्रॅनबेरी करवंदासारखीच आंबट-तुरट, त्यामुळे गूळ-मेथी तिला सख्ख्यासारखी मानवते. दोन चमचे तेलात मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग आणि दोन सुक्या मिरच्या टाका. त्यावर १२ औंसांची क्रॅनबेरीची अख्खी पिशवी, अर्धी वाटी पाणी, मीठ आणि पाऊण वाटी चिरलेला गूळ. दहा मिनिटांत फळं पटापट फुटतात. पातळ वाटलं तरी उतरवा, गार झाल्यावर ते आपोआप दाट होतं. ताज्या क्रॅनबेरी दुकानात हिवाळ्याच्या सुरुवातीलाच असतात, नाताळ उलटला की दिसेनाशा होतात. नोव्हेंबरात दोन पिशव्या जास्त घ्या आणि न धुता तशाच फ्रीजरमध्ये टाका. लागतील तेव्हा धुऊन गोठलेल्याच कढईत घालता येतात.