क्रमशः : वाचकाकडून घेतलेली उचल

मोबाइलवर भागाभागांनी प्रसिद्ध होणाऱ्या कथा-कादंबऱ्यांपासून तरुणांना दूर ठेवावे, असा सूर आमच्या धर्मग्रामातील काही ज्येष्ठ मंडळींनी मध्यंतरी एका बैठकीत लावला. प्रत्येक भागाच्या शेवटी ‘क्रमशः’ लिहायचे आणि मुलांना गळाला लावायचे, हा कसला साहित्यव्यवहार, असा त्यांचा सवाल होता. धर्मगुरू या नात्याने आम्ही त्यांना दुजोरा द्यावा, अशी अपेक्षा होती. तो आम्ही दिला नाही. त्याच वेळी, या कथा आज ज्या रीतीने लिहिल्या जातात तिची तरफदारी करण्याचीही आमची तयारी नाही. आमचे भांडण दोन्ही पक्षांशी आहे, आणि ते नीट मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

आधी वस्तुस्थिती पाहू. शहापूर आणि मुरबाड हे आमचे दोन तालुके. पहाटेच्या अंधारात घर सोडायचे, कसारा, आटगाव किंवा आसनगावहून लोकल पकडायची आणि रात्री परतायचे, हा शहापूरकडच्या कित्येक तरुणांचा दिनक्रम. मुरबाडकरांच्या वाट्याला कल्याणची एस.टी. हा जाण्यायेण्याचा वेळ पूर्वी भजनात, पत्त्यांत किंवा डुलकीत जाई. 2016 नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि त्या वेळेत वाचन शिरले. बंगळूर येथे 2014 साली सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या व्यासपीठांवर मराठीत हजारो हात लिहू लागले. त्यांत गृहिणी आहेत, कारकून आहेत, महाविद्यालयीन मुली आहेत. ज्यांच्या घरात पाठ्यपुस्तकांपलीकडे एकही पुस्तक नाही, अशी मुले रोज एक प्रकरण वाचतात, ही गोष्ट आम्हांला तरी शोकाची वाटत नाही.

‘क्रमशः’ ही मोबाइलची करामत आहे, असे मानणाऱ्यांनी मराठी कादंबरीचा इतिहास चाळावा. हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिति’ 1885 मध्ये ‘पुणे वैभव’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. पुढे 1890 मध्ये त्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी भागशः प्रसिद्ध केली. ज्या कृतीला आपण मराठी सामाजिक कादंबरीचा मानदंड मानतो, ती आठवड्याआठवड्याने, वाचकाला ताटकळत ठेवूनच जन्माला आली.

परंतु हरिभाऊंनी वाचकाला कशासाठी ताटकळत ठेवले? यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. बालपणीचे खेळ, आईची माया, माहेरचा आणि सासरचा जाच, मग पतीबरोबर मुंबईत थाटलेला सुखाचा संसार, असे सारे ती निवांतपणे सांगत जाते. या निवांतपणात तसे धक्के फारसे नाहीत. तरीही वाचकाचा जीव टांगणीला लागतो, कारण त्या काळातील वाचकाला विधवेचे जिणे ठाऊक होते. सुखाचे प्रत्येक पान उलटताना त्याच्या मनात पाल चुकचुकत असणार. कादंबरी चालू असतानाच, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. ज्या प्रश्नावर सभांतून आणि वर्तमानपत्रांतून रणे माजली होती, तो प्रश्न दर आठवड्याला यमूच्या रूपाने वाचकाच्या घरी येत होता. शेवटी पतीचा मृत्यू, फसवणुकीने झालेले केशवपन आणि यमूचा अंत आपल्यावर कोसळतो. तो घाव इतका खोल जातो, याचे कारण त्याआधीची संथ प्रकरणे. यमूला आपण ओळखू लागलेलो असतो. ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्यावर आलेले संकट ही केवळ बातमी असते.

हरिभाऊंतही दोष होते. पाल्हाळ होता, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. साप्ताहिकाची पाने दर आठवड्याला भरायची म्हटली की लेखणी कधी रेंगाळणारच. आमचे म्हणणे एवढेच की त्यांचा तणाव वाचकाच्या अज्ञानावर उभा नव्हता. तो त्याच्या जाणतेपणावर आणि आस्थेवर उभा होता.

हे तत्त्व आपणा ख्रिस्ती वाचकांना अपरिचित असू नये. योहानकृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढून पाहा. लाजरस आजारी असल्याचा निरोप त्याच्या बहिणी प्रभूकडे पाठवतात. या आजाराची अखेर मरणात नाही, हे प्रभू आरंभीच सांगून टाकतो. तरीही तो आहे तिथेच दोन दिवस राहतो, आणि बेथानीस पोहोचतो तेव्हा लाजरसाला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. शेवट आपल्याला ठाऊक आहे, दरवर्षी आपण तो ऐकतो. तरी मार्था वाटेवर सामोरी येऊन बोलू लागली की आपला श्वास अडतो. तिथला विलंब रिकामा नाही. त्या विलंबात मार्थेची श्रद्धा कसाला लागते, मरीयेचे अश्रू दिसतात आणि प्रभूही रडतो.

आपल्या मराठीतील उदाहरण हवे असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आहे. 1616 मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये थोडाथोडा वाचला जाई. त्याच्या पहिल्या पुराणाचे 36 अवस्वरू तारणाऱ्याच्या आगमनापूर्वीच्या काळाला दिले आहेत. वचन दिले जाते, पिढ्या सरतात, माणसे चुकतात, पुन्हा उठतात; जन्माची कथा येते ती दुसऱ्या पुराणात. तो तारणारा कोण, हे गोव्यातील त्या श्रोत्यांना ठाऊकच होते. तरी ते आठवड्यामागून आठवडे ऐकत राहिले.

म्हणून ज्येष्ठ मंडळींना आमचे उत्तर असे : वाट पाहायला लावणे हे पाप नाही. आपला आगमनकाळ, आपला प्रायश्चित्तकाळ, पवित्र शनिवारचा तो निःशब्द दिवस, हे सारे वाट पाहण्याचेच संस्कार आहेत. प्रश्न असा आहे की वाट पाहणाऱ्याच्या पदरात काय पडते.

आता लेखकांकडे वळू, आणि इथे आमची भाषा थोडी कठोर होईल. प्रतीक्षा आणि खोळंबा यांतला फरक आमच्या कसारा मार्गावरील प्रवाशांना समजावून सांगायला नको. जिवलग माणसाची गाडी यायची असताना फलाटावर उभे राहणे ही प्रतीक्षा. दोन स्थानकांच्या मध्ये, काही न कळवता गाडी उभी राहते, तो खोळंबा. आज मोबाइलवरील पुष्कळशा कथा वाचकाला खोळंबून ठेवतात आणि त्यालाच उत्कंठा म्हणतात. भागाच्या शेवटी दार वाजते. पुढच्या भागाच्या पहिल्याच ओळीत कळते की दूधवाला आला आहे. नायिकेला पत्र मिळते, ती ते वाचून कोसळते. पत्रातला मजकूर मात्र चार भाग आपल्यापासून लपवला जातो. तिला जे ठाऊक आहे ते केवळ आपल्याला ठाऊक नाही, एवढाच काय तो तणाव! तो कथेतील माणसांच्या अडचणीतून आलेला नसतो; लेखकाने मूठ झाकून ठेवली म्हणून आलेला असतो. मूठ उघडली की तो संपतो, मग दुसरी मूठ झाकावी लागते. पहिल्या धक्क्यापेक्षा दुसरा मोठा हवा, दुसऱ्यापेक्षा तिसरा. आणि विसाव्या भागात मेलेला माणूस परत येतो.

याहून मोठा दोष म्हणजे शेवट न ठरवता लिहीत जाणे. दूरचित्रवाणीवरील ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 2001 पासून 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. तिचे चाहते आमच्याही धर्मग्रामात होते आणि त्यांच्या आवडीचा आम्ही अनादर करत नाही. पण जिथे चालू राहणे हाच उद्देश असतो, तिथे कोणताही निर्णय अंतिम असू शकत नाही. निर्णय अंतिम नसला की भीती नाही, आणि आशाही नाही. वाचकसंख्या आहे तोवर ताणायचे, ही रीत लेखनात शिरली तर तिथेही हेच होईल.

आमच्या भागातील एका शब्दाने हे अधिक स्पष्ट होईल. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतून कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. जाण्यापूर्वी मालकाकडून आगाऊ रक्कम घेतात, तिला उचल म्हणतात. पुढचे महिने त्या उचलीच्या फेडीत जातात. ‘क्रमशः’ हा शब्द लिहिणारा लेखक वाचकाकडून अशीच उचल घेत असतो. वाचक आपला वेळ आणि विश्वास आगाऊ देतो. लेखकाने ती उचल भागाभागाने फेडली पाहिजे. प्रत्येक भागात एखादा लहान प्रश्न सुटावा, एखादे माणूस अधिक कळावे, आणि मोठा प्रश्न एक पाऊल पुढे सरकावा. जुनी उचल न फेडता नवी घेत राहणे याला गावात काय म्हणतात, ते आम्ही इथे लिहीत नाही.

हा शब्द आम्हांला एका तरुणीच्या लेखनाने सुचवला. ती आमच्याच धर्मग्रामातील. आसनगावहून ठाण्याला नोकरीस जाते आणि गाडीत मोबाइलवर लिहिते. तिच्या कथेत एक कातकरी कुटुंब भट्टीवर जाते. मुलगी सहावीत आहे आणि वार्षिक परीक्षेपूर्वी तिला परत आणण्याचे आईने गुरुजींना कबूल केले आहे. पहिल्याच भागात उचलीचा आकडा येतो. मग दर आठवड्याची खर्ची त्यात मिळत जाते आणि पाडलेल्या विटांचे पैसे वजा होत जातात. आईबरोबर वाचकही मनात हिशेब मांडू लागतो. पाचव्या भागात अवेळी आभाळ भरून येते आणि काही न होता निवळते. सातव्या भागात बापाला ताप भरतो, तीन दिवस आई एकटी माती मळते आणि विटा पाडते. बाकी काहीच घडत नाही.

सातव्या भागाला वाचक घटले. कुणी सल्ला दिला, एखादा खून घाल. कुणी म्हणाले, मुलीला पळवून ने. ती आमच्याकडे आली. कबूल करायला हवे की आम्हीही चुकलो. सेमिनरीत साहित्यशास्त्र शिकलेल्या माणसाच्या रुबाबात आम्ही तिला सांगितले, की सातवा भाग गाळून टाक, कथानक रेंगाळते. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “फादर, मग आठव्या भागात पाऊस पडला, तर तो कुणाच्या विटांवर पडेल?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. कच्च्या विटांवर अवकाळी पाऊस पडला की त्यांचा चिखल होतो, हे आम्हांला ठाऊक होते. पण त्या विटांना आईच्या हातांचे वळ आहेत, हे वाचकाला कळण्यासाठी सातवा भाग हवा होता. पाचव्या भागात आभाळ दाखवून तिने प्रामाणिकपणे सूचना दिली होती. सातव्यात गमावण्यासारखे काय आहे ते दाखवले. मगच आठव्यात पाऊस. भट्टीचा नियमही तोच आहे. वीट आधी उन्हात सुकू द्यावी लागते. ओलीच रचून पेटवली तर ती तडकते.

यावर आक्षेप येईल की वाचकालाच धक्के हवे असतात, लेखक बिचारा काय करणार? वाचकसंख्येचे दडपण खोटे आहे, असे आम्ही म्हणत नाही. पुढचा भाग आजच हवा तर पैसे मोजा, नाहीतर थांबा, अशी व्यवस्था जिथे असते तिथे भागाच्या शेवटी मूठ झाकण्याचा मोह होणारच. परंतु वाचक म्हणजे तरी कोण? आपणच. दाराच्या टकटकीवर आपण वाहवा करतो आणि सातवा भाग अर्ध्यावर सोडतो. भट्टीवरच्या मुलीची परीक्षा आपल्याला पुरेशी उत्कंठावर्धक वाटत नाही, यात दोष त्या कथेचा आहे की आपल्या नजरेचा? आपल्या तालुक्यांतील जी माणसे मराठी साहित्यात क्वचितच येतात, ती आता कुठे आपल्याच मुलांच्या हातून येऊ लागली आहेत. त्यांच्यावर खून आणि अपहरणे लादून आपण त्यांना पुन्हा हद्दपार करणार आहोत काय?

म्हणून ज्येष्ठांना आमची विनंती आहे, बंदी नको. मुलांनी भाग वाचून संपवला की त्यांना एवढेच विचारा : आज या माणसांविषयी तुला नवे काय कळले? उत्तर देता आले तर लेखकाने उचल फेडली. चार भाग लागोपाठ उत्तर आले नाही, तर मुले आपणहून ती कथा सोडतील. लेखकांना विनंती अशी, की शेवट ठरल्याशिवाय पहिला भाग प्रसिद्ध करू नका. आणि या त्रैमासिकाच्या संपादकांना विनंती, की आपण एक कादंबरी क्रमशः छापायला घ्यावी. दोन भागांत तीन महिन्यांचे अंतर राहील, हे खरे. दार कुणी वाजवले हे जाणून घ्यायला तीन महिने कुणी थांबणार नाही. परंतु ती मुलगी परीक्षेला पोहोचली की नाही, यासाठी आम्ही थांबू.