मसुदा यंत्र करील, बाजू कोण मांडील?

आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्यास १९६० च्या दशकात कर्मचाऱ्यांनी कडवा विरोध केला, तेव्हा त्यांना प्रगतीचे शत्रू ठरविण्यात आले. त्यांचा प्रश्न मात्र साधा होता : यंत्रामुळे वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला? तोच प्रश्न आज कामगारांच्या वकिलाच्या टेबलापर्यंत येऊन ठेपला आहे.

कैफियतीचा मसुदा करणे, जुने निकाल हुडकणे, थकीत वेतनाचा हिशेब मांडणे ही कामे यंत्र आता काही क्षणांत करते. ग्रॅच्युइटीचे गणित तर ठरलेलेच आहे : अखेरचे मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. अशाच कामांवर नवशिके वकील घडत आणि पोटही भरत. त्यांच्यावर गंडांतर येणार, हे उघड आहे.

परंतु बडतर्फीचा खटला म्हणजे गणित नव्हे. १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम घालण्यात आले. गैरवर्तन सिद्ध झाले तरी बडतर्फीची शिक्षा न्याय्य आहे काय, हे पाहून ती सौम्य करण्याचा अधिकार त्याने कामगार न्यायालयाला दिला. पाळीवर झोप लागलेल्या कामगाराने त्याआधी सलग दोन पाळ्या केल्या होत्या, ही गोष्ट आरोपपत्रात नसते. ती त्याच्या सोबत्यांना ठाऊक असते आणि उलटतपासणीत बाहेर काढावी लागते. यंत्रापुढे असते ते केवळ कागदावरचे. आणि कारखान्यातला कागद मालकाच्या हातचा असतो.

शिवाय यंत्र बेधडक खोटेही सांगते. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने २०२३ साली, चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. ते वकील दंड भरून सुटले. वकील परवडत नाही म्हणून यंत्रावर विसंबणाऱ्या कंत्राटी कामगाराचा मात्र दावाच बुडेल.

१९४७ च्या कायद्याने कामगार न्यायालयात वकील उभा करण्यास दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायालयाची अनुमती आवश्यक केली होती. पैशाच्या जोरावर मालकाने कामगाराला कायद्याच्या जंजाळात गुंतवू नये, हे त्यामागील शहाणपण. यंत्राला अशी संमती कोणी विचारत नाही.

म्हणून केवळ बहिष्काराने भागणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. त्या कामगाराला त्याच्या भाषेत समजावून देण्यास हेच साधन युनियनच्या कचेरीत उपयोगी पडेल. मात्र दोन मागण्या आपण आजच केल्या पाहिजेत. शिस्तभंगाच्या वा कपातीच्या निर्णयात यंत्राचा वापर झाला असेल, तर मालकाने तो उघड करावा. आणि निवाडा माणसानेच करावा. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांना निर्णयासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यास मनाई केली. तेच बंधन कामगार न्यायासनांवर सर्वत्र हवे.

मसुदा यंत्राने खुशाल करावा. कामगाराची हकीकत ऐकण्यासाठी मात्र कार्यकर्त्यालाच त्याच्या वस्तीत जावे लागेल. त्या कामातून आपली सुटका नाही, आणि नसावीही.