दार उघडतं, पण माणूस?

गेल्या वर्षी शेजारच्या आजोबांनी तळघरातून एक खोकं वर आणलं. आत लायोनेलचा फाटकवाला, नंबर १४५. हे मॉडेल १९५० साली निघालं. कंपनीचा तेव्हाचा कारखाना आमच्या न्यू जर्सीतच, हिलसाइडला होता. म्हणजे बिचारा घरचाच!

यातली गंमत अशी. रुळाखाली एक पट्टी असते. गाडीच्या वजनाने ती दबली की वीज सुरू होते, कॉइल लोखंडी दांडा ओढते आणि खोपट्याचं दार उघडून कंदीलवाला बाहेर येतो. गाडी गेली की परत आत. आम्ही वायरी जोडल्या. दिवा लागला, दार उघडलं... पण बाहेर कुणीच येईना. माणूसच हरवलेला!

पेनसिल्व्हेनियात यॉर्कला दर एप्रिल-ऑक्टोबरात जुन्या खेळण्यातल्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. तिथे टेबलांवर नुसत्या सुट्या भागांचे खण मांडलेले असतात. हल्ली नव्याने बनवलेला माणूस थोडक्या पैशांत मिळतो. पण एका विक्रेत्याने मला दुसरा अख्खा, चालू फाटकवालाच पुढे केला. म्हणे, "यातला काढून घ्या, अस्सल आहे."

मंडळी, मला हे पटत नाही. एक अस्सल पुरा करायला दुसरा अस्सल मोडायचा, ही कसली जपणूक? अशाने चालू खेळणी दरवर्षी कमीच होणार. संग्राहकांचं म्हणणं असं की नवे भाग घातले की किंमत उतरते, आणि उद्या कुणी ते जुने म्हणून खपवेल. दुसरी भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय साधा आहे: काय बदललं आणि कधी, ते तळाशी लिहून ठेवायचं. मी तेच केलं. राहिली किंमत. ती विकणाऱ्याला. आम्हाला कुठे विकायचंय?

गाडी सोडली. दार उघडलं, माणूस बाहेर आला. आजोबा चष्मा सावरत जवळून बघत राहिले. म्हणाले, "हा आमचा नाही. आमच्याचा रंग उडाला होता."

माझा चेहरा पडला असावा.

"असू दे," ते म्हणाले, "गाडी पुन्हा सोड."

त्या संध्याकाळी ती किती वेळा सोडली, ते मोजलं नाही.