नुसती नोंद नको, हात लावून तपासा

"दुखत नाही तर दवाखान्यात कशाला जायचं?" नांदेड-लातूरच्या वस्त्यांतून, विहारातल्या महिलांच्या बैठकांतून हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. वॉर्डात नर्स होतो तेव्हाही हेच ऐकले. औशाकडच्या एका मावशींना दिवाळीनंतर गाठ लागली. उचल घेतलेली, कोयता सोडून येणार कशा? कारखान्याचा पट्टा पडल्यावर आल्या, तोवर स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती.

आयाबहिणींनो, गाठ म्हणजे कॅन्सरच असे नाही. बहुतेक गाठी साध्या असतात. तरुण मुलींत गोटीसारखी सरकणारी गाठ असते, पाळीआधी स्तन जड होऊन गाठीगाठी लागतात, अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साकळून गाठ होते. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे शेजारणीने ठरवायचे नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. म्हणून तर ती फसवते. कडक गाठ पाळीनंतरही गेली नाही, बोंड आत ओढले गेले, त्यातून रक्ताळ पाणी आले, काखेत गाठ लागली, तर थांबू नका. 'सुई टोचली की गाठ पसरते' ही भीती आम्ही शिकल्यासवरलेल्या घरांतही ऐकतो. ती खोटी आहे. गाठ कशाची आहे, हे सुईने काढलेल्या नमुन्यावरूनच कळते.

आणि लवकर शोधायला मोठे यंत्रच लागते असेही नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा हाताने तपासले. 2021 साली निष्कर्ष आले: तपासलेल्या गटात पुढच्या टप्प्यातले कॅन्सर कमी निघाले, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या आजाराचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. हे काम डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या बायांच्या बोटांनी केले.

सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी आहे. कागदावर. आशाताई फॉर्म घेऊन येते, "स्तनात गाठ आहे का?" विचारते. ओसरीवर सासरा, दीर बसलेले. बाई "नाही" म्हणते, नोंद होते. आम्ही बैठकीत विचारतो, फॉर्म कुणाकुणाचा भरला? बरेच हात वर जातात. हात लावून कुणी तपासले? हात खाली येतात.

हात न लावण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही, त्यामुळे हे आम्हाला जास्तच झोंबते. पण खरे बोलायचे तर इथे अडते ते बहुतेकदा पडद्यावाचून, खोलीवाचून, शिकवणीवाचून. थोड्या मोबदल्यावर राबणाऱ्या आशाताईला दोष देऊन काय होणार?

गाठ लागली तर नांदेडला विष्णुपुरीचे किंवा लातूरचे विलासराव देशमुख शासकीय रुग्णालय गाठा. पुढे संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, लातूरकरांना बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय जवळ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन बसते. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा.

आमची मागणी साधी आहे. वर्षावासात आपल्या बाया विहारात जमतातच, आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या अशोक विजयादशमीनंतर. त्याआधी उपकेंद्राच्या सिस्टरला विहारात बोलवा. मागच्या खोलीला पडदा लावा, एक बाकडे ठेवा. आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज लिहायला आम्ही येतो.