कानाडोळा नको

एखाद्या प्रौढ गृहस्थास सकाळी उठता उठता एका कानाने ऐकू येईनासे होते. कान दडल्यासारखा वाटतो, आत शिट्टी वाजत राहते. मळ साचला असेल या समजुतीने तो घरीच तेल घालतो, चार दिवस वाट पाहतो आणि अखेर जवळच्या दवाखान्याची पायरी चढतो. तेथेही ‘सर्दीने कान बसला आहे’ असे सांगून त्याची बोळवण झाली, तर आणखी दोन-तीन आठवडे सहज निघून जातात. परंतु हा बधिरपणा मळाचा नसून कानाच्या नसेला अकस्मात आलेला असेल, तर स्टिरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच गुणकारी ठरण्याचा संभव अधिक असतो. पुढे तो झपाट्याने ओसरतो. दोष मळाचा की नसेचा, याचा प्राथमिक निवाडा करण्यास महागडे यंत्र लागत नाही. एक साधा नादकाटा आणि तो कोठे टेकवावयाचा याचे ज्ञान एवढे पुरते. नादकाटा स्वस्त आहे. प्रश्न आहे तो ज्ञानाचा. आणि ते ज्ञान पदवी घेतल्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनीही ताजे राहते की नाही, याचा.

कान-नाक-घशाच्या शल्यविशारदांचे निरंतर शिक्षण हा विषय वरवर पाहता त्यांच्या संघटनांचा, त्यांच्या परिषदांचा, म्हणजे त्यांच्या घरचा वाटतो. वर्तमानपत्राच्या अग्रलेखात त्याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, वैद्य काय शिकला नाही याची किंमत वैद्य मोजीत नसतो, ती रुग्ण मोजतो; आणि रुग्ण हा आमचा वाचक आहे.

या शाखेची प्रगती किती वेगाने झाली याचा थोडा आढावा घेण्यासारखा आहे. स्टॉकहोम येथे नायलेन यांनी १९२१ साली कानाच्या शल्यक्रियेसाठी प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला. मधल्या कानातील रिकीब हे मानवी देहातील सर्वांत लहान हाड. लांबी सुमारे तीन मिलिमीटर. ते जखडले की माणूस बहिरा होतो. ते हाड काढून त्याच्या जागी कृत्रिम रिकीब बसविण्याची शल्यक्रिया अमेरिकेत जॉन शे यांनी १९५६ साली केली. मेलबर्नच्या ग्रॅएम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक विद्युतद्वारांचे यंत्र अंतर्कर्णात बसविले आणि पूर्ण बहिऱ्या माणसाला बोलणे उमजू लागण्याचा मार्ग मोकळा झाला. १९८०च्या दशकात नाकातील दुर्बिणीच्या शल्यक्रियेने सायनसच्या उपचारांचे स्वरूपच पालटले. जो डॉक्टर १९८५ च्या सुमारास पदवी घेऊन बाहेर पडला, त्याने विद्यार्थिदशेत यांतील निम्म्या गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याही नसतील. आणि तरीही त्या पदवीच्या बळावर चाळीस वर्षे व्यवसाय करण्याची त्यास मुभा आहे.

नवे शिकण्याइतकेच जुने विसरणेही महत्त्वाचे असते. मुलाचा घसा वर्षातून तीन-चारदा धरला की टॉन्सिल काढून टाकावे, अशी एके काळी सर्रास वहिवाट होती. पिट्सबर्गच्या डॉ. पॅरडाइझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर या शल्यक्रियेस निश्चित कसोट्या लागल्या: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे पाच-पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे तीन-तीन वेळा घसा खरोखर आजारी पडला असेल तरच तिचा विचार करावा. चक्कर येण्याच्या विकाराचेही तसेच आहे. अंथरुणावर कूस बदलताच घर गरगरा फिरते, अशी तक्रार घेऊन येणारी वयस्क मंडळी आपल्याकडे थोडी नाहीत. पुष्कळदा मानेच्या मणक्यांवर ठपका ठेवून त्यांच्या गळ्यात पट्टा अडकविला जातो आणि गोळ्या महिनोन् महिने चालू राहतात. वास्तविक अंतर्कर्णातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की अशी चक्कर येते. रुग्णास निजवून त्याचे डोके विशिष्ट क्रमाने वळविले की ते कण बाहेर पडतात आणि बहुतेकांना काही मिनिटांत उतार पडतो. एप्ली यांनी ही कृती १९९२ साली प्रसिद्ध केली. तिला औषध लागत नाही, शस्त्र लागत नाही. ती ठाऊक असावी लागते, एवढेच.

करोनाच्या दुसऱ्या लाटेने याच सत्याचा फार कठोर प्रत्यय आणून दिला. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या, म्हणजे म्युकरमायकोसिसच्या, साथीने देशभर हाहाकार उडविला. जून अखेरपर्यंत नोंदविलेल्या रुग्णांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली होती. अँफोटेरिसिन या औषधाचा तुटवडा पडला. पण औषध मिळाले तरी ते एकटे पुरेसे नव्हते. नाकातील व सायनसमधील सडलेला भाग तातडीने काढून टाकावा लागे. बुरशी डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूकडे सरकण्यापूर्वी तिला गाठणे हे कान-नाक-घशाच्या शल्यविशारदाचे काम होते. जो रोग एरवी वर्षाकाठी मोजकाच दिसे, तो एकाएकी वॉर्डच्या वॉर्ड भरून समोर उभा राहिला. ज्यांचा हात दुर्बिणीवर बसलेला होता त्यांनी माणसे वाचविली, डोळे वाचविले. संकट आल्यावर शिकावयास वेळ मिळत नाही. आडात असेल तरच पोहऱ्यात येणार.

मग कायदा काय म्हणतो? वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ सालचे नियम सांगतात की, डॉक्टराने दर पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत भाग घ्यावा. तीस तास भागिले पाच, म्हणजे वर्षाला सहा तास! तबल्याच्या हौशी विद्यार्थ्यानेही याहून अधिक वेळ शिक्षकासमोर बसावा, अशी आपली अपेक्षा असते. महाराष्ट्रासह काही राज्यांच्या वैद्यक परिषदांनी नोंदणीच्या नूतनीकरणाशी हे तास जोडले, हे योग्यच झाले. जुन्या भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली प्रसिद्ध केली. देशभर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी शिक्षणाचे गुण, आणि औषध कंपन्यांनी थेट वा आडवळणाने पुरस्कृत केलेल्या कार्यक्रमांस डॉक्टरांनी जाऊ नये असा दंडक, या तिच्यातील प्रमुख गोष्टी होत्या. डॉक्टरांच्या आणि औषध उत्पादकांच्या संघटनांनी तिच्यावर आक्षेप घेतले आणि महिना उलटण्यापूर्वीच ती स्थगित झाली. पुन्हा २००२ चे नियम पुढे आले. नियमावलीतील काही कलमे वादग्रस्त होती हे आम्हांस मान्य आहे. परंतु वादग्रस्त कलमांबरोबर शिकण्याचा दंडकही अडगळीत पडावा, हे कोणाच्या हिताचे?

खर्चाचा प्रश्न टाळून चालणार नाही. परिषदेचे शुल्क, प्रवास, निवास यांचा भार बराच काळ औषध आणि उपकरणांच्या कंपन्या वाहत आल्या. जो यजमान ताट वाढतो, त्याच्या पदार्थाला नावे ठेवणे पाहुण्यास जड जाते. हा मनुष्यस्वभाव आहे आणि डॉक्टर त्यास अपवाद नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली असा निर्णय दिला की, डॉक्टरांस दिलेल्या भेटवस्तू व सवलती यांचा खर्च कंपन्यांना करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी जी आचारसंहिता काढली, तिने शैक्षणिक कार्यक्रमांस साहाय्य करण्याची मुभा ठेवली, पण परदेशी कार्यक्रमांना मनाई केली आणि व्याख्यात्यांखेरीज इतरांस प्रवास व पाहुणचार देऊ नये असे बजावले. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र कंपनीचा हात बाजूला केल्यावर त्या जागी कोणाचा हात येणार, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे. नाहीतर मोठ्या शहरातील धनाढ्य रुग्णालयांचे डॉक्टर शिकत राहतील आणि तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने दवाखाना चालविणारा डॉक्टर मागे राहील. तो दोन दिवस बाहेरगावी गेला तर दवाखान्याला कुलूप लागते, हे त्याचे गाऱ्हाणे खोटे नाही.

येथे गोमंतकाचा विषय येतो. देशातील नाना शाखांच्या वैद्यकीय परिषदा आमच्या समुद्रकाठच्या हॉटेलांत भरतात. पाहुणे येतात, भाषणे होतात, संध्याकाळी किनाऱ्यावर फेरफटका होतो आणि सारे विमानाने परत जातात. त्यांच्या येण्याने आमच्या व्यवसायास बरकत येते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या ज्ञानाचा किती अंश सत्तरीच्या, सांग्याच्या किंवा काणकोणच्या आरोग्यकेंद्रापर्यंत पोहोचतो? परिषदा आमच्या दारी आणि विद्या मात्र परक्या घरी, असे का व्हावे? ज्या भूमीत १८४२ साली पणजीला वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले, आणि ज्याचे आजचे रूप असलेल्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे सिंधुदुर्गापासून कारवारपर्यंतचे रुग्ण आशेने येतात, त्या भूमीने केवळ सभागृह भाड्याने देण्यात समाधान मानू नये.

आमची सूचना साधी आहे. येथे जी राष्ट्रीय परिषद भरेल, तिच्या आयोजकांस शासनाने विनंती करावी की, नामांकित व्याख्यात्यांचा एक दिवस बांबोळीस द्यावा. त्या दिवशी भाषणे नकोत. हात चालवावयाचे काम हवे. कानाची शल्यक्रिया शिकण्याचा राजमार्ग म्हणजे मृतदेहाच्या कर्णास्थीवर, सूक्ष्मदर्शकाखाली, पुन्हा पुन्हा केलेला सराव. चेहऱ्याची हालचाल करणारी नस त्याच हाडातून जाते. हात चुकला तर तोंड वाकडे होते. नाकाच्या दुर्बिणीचेही तेच. एका बाजूस कागदासारखे पातळ हाड आणि त्यापलीकडे डोळा, वरच्या बाजूस मेंदू. ही भूमिती पडद्यावरील चित्रे पाहून अंगवळणी पडत नाही. दुसऱ्या सत्रात आरोग्यकेंद्रांच्या डॉक्टरांस बोलवावे आणि त्यांस नादकाटा, चकरेची तपासणी, बालकांच्या श्रवणाची चाचणी एवढेच शिकवावे. नवजात बालकाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांस प्रारंभ सहाव्या महिन्यापर्यंत, हे सूत्र जगभर मान्य झाले आहे. अंतर्कर्णातील यंत्रासाठी केंद्राच्या योजनेतून लहान मुलांस साहाय्य मिळते. परंतु मूल बहिरे आहे हेच पाचव्या वर्षी कळले, तर त्या साहाय्याचा उपयोग किती? भाषा ग्रहण करण्याचे बहुमोल वय तोवर निघून गेलेले असते.

तासांच्या मोजणीवरही आमचा फारसा विश्वास नाही. तास मोजल्याने खुर्ची भरलेली होती एवढेच सिद्ध होते. पडद्यासमोर ध्वनी बंद करून बसलेल्याचेही तास भरतात. त्याऐवजी प्रत्येक शल्यविशारदाने आपल्या रुग्णांचे शल्यक्रियेपूर्वीचे व नंतरचे श्रवण नोंदवून ठेवावे, वर्षातून एकदा सहकाऱ्यांसमोर ते मांडावे, आणि जे बिघडले त्याची लपवाछपवी न करता चर्चा करावी. अपयशाची चर्चा ही या व्यवसायातील खरी शाळा आहे. मात्र तिला खटल्याची भीती न वाटेल असे संरक्षण द्यावे लागेल.

शिकण्याची परंपरा आपणांस परकी नाही. सुश्रुताने शिष्यांना भोपळ्यावर आणि काकडीवर छेद घेण्याचा सराव करावयास सांगितला आणि नाक-कान जोडण्याची रीत लिहून ठेवली. १७९०च्या दशकात पुण्याकडील एका कारागिराने कपाळाच्या कातडीपासून कावसजी नावाच्या गाडीवानाचे छाटलेले नाक नव्याने घडविले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि ती वाचून जोसेफ कार्पू या इंग्रज शल्यविशारदाने प्रथम मृतदेहांवर सराव केला व १८१४ साली तीच शल्यक्रिया लंडनमध्ये यशस्वी केली. इंग्रजांनी ती विद्या ग्रंथात आणली, शाळेत आणली आणि जगभर नेली. आमच्या त्या कारागिराचे मात्र नावही आज कोणास खात्रीने सांगता येत नाही. विद्या हातात होती. ती दुसऱ्याच्या हाती देण्याची व्यवस्था नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात बजावले आहे की, २०५० पर्यंत जगातील सुमारे अडीचशे कोटी लोकांच्या श्रवणात काही ना काही उणीव असेल आणि त्यांपैकी सत्तर कोटींना उपचारांची वा पुनर्वसनाची गरज भासेल. त्यांतील कित्येक आपल्या घरातले, आपल्या वाड्यावरचे असणार आहेत. ‘कानाडोळा’ हा शब्द मराठीने फार पूर्वी घडविला. ऐकू येत असूनही न ऐकणे, दिसत असूनही न पाहणे हा त्याचा अर्थ. ऐकू न येणाऱ्यांच्या प्रश्नाकडे तरी तो होऊ नये. शासनाने, वैद्यक परिषदेने आणि स्वतः शल्यविशारदांनी या कामास हात घालावा. पदवीचा कागद भिंतीवर लावून विद्या संपत नसते. भिंतीवरील कागद पिवळा पडतो, तशी न उजळलेली विद्याही पडते.