गल्ल्यामागची रिकामी गादी

किराणा मालाच्या त्या जुन्या पेढीवर गल्ल्यामागची गादी सात महिने रिकामी होती. मालक आजारातून उठले होते, तपासण्यांचे अहवालही समाधानकारक होते; तरी ते मागच्या गोदामात बसून खतावणी तपासत. तोंडाच्या कर्करोगामुळे त्यांच्या खालच्या जबड्याचा उजवा भाग काढावा लागला. पोटरीतील बारीक हाड घेऊन शल्यविशारदांनी नवा जबडा घडविला आणि पायाचीच कातडी गालावर बसविली. तिचा रंग वेगळा दिसतो. ओठाचा कोपरा बधिर झाल्याने पाणी केव्हा ओघळले ते कळत नाही. किरणोपचारानंतर तोंड पुरते उघडत नाही. वाटीभर मऊ खिचडीला पाऊण तास लागतो.

घरात चौविहार पाळला जातो. सूर्यास्तापूर्वी आटोपावे म्हणून ते दुपारी चारलाच एकटे जेवतात, असे सर्वांनी गृहीत धरले होते. कारण निराळे आहे, हे पत्नीच्या ध्यानात आले संवत्सरीला. दरवर्षी घरोघर जाऊन हात जोडणाऱ्या या गृहस्थांनी ‘मिच्छामि दुक्कडम्’ फोनवरच्या संदेशाने उरकले. न्हाणीघरातला आरसा तर त्यांनी केव्हाच उतरवून ठेवला होता.

बदललेल्या रूपाची ही वेदना या आजाराचाच एक भाग आहे. उपचार चालू असतात तोवर जीव वाचविण्याची धावपळ असते. सारे स्थिरावले की ती वर येते. व्रण जितका मोठा तितके दुःख मोठे, असे त्रैराशिक येथे मांडता येत नाही. हातापायाचा व्रण वस्त्राखाली झाकतो. चेहरा घेऊनच माणसाला बाजारात उभे राहावे लागते, आणि व्यापाऱ्याचे तर निम्मे भांडवल बोलण्यात असते.

समाचाराला आलेल्या साधर्मिकांपैकी एक म्हणाले, ‘देह नश्वर आहे, रूपाचा मोह कशाला?’ दुसऱ्यांनी पूर्वकर्माचा दाखला दिला. बारा भावनांतील अशुचि भावना ज्याने त्याने स्वतःच्या देहाविषयी चिंतावी. दुसऱ्याच्या ओल्या जखमेवर ठेवण्याची ती वस्तू नव्हे. आणि हेच उपदेशक उठताना तबकातील सुपारी उचलतात! तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केले. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तबक मात्र घरोघरी फिरतेच आहे.

पत्नीने रुग्णालयातील समुपदेशिकेला गाठले. आरसा पुन्हा भिंतीवर आला; प्रथम काही क्षणच, तेही पत्नी शेजारी उभी असताना. वाचाउपचार सुरू झाले. बोलताना ते अडखळले तरी त्यांचे वाक्य इतरांनी पुरे करू नये, असे घरच्यांना बजावण्यात आले. नातवंडांना आधीच सारे समजावून सांगितले गेले. चार वाजता पत्नीही आपले ताट घेऊन त्यांच्यासमोर बसू लागली.

दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी पुतण्या म्हणाला, ‘‘काका, पहिली ओळ तुमच्याच हातची हवी.’’ ओळ लिहून झाली, पण ते उठले नाहीत. तेवढ्यात गिऱ्हाईक आले आणि त्याने तूरडाळीचा भाव विचारला. काकांनी सांगितला, त्याला उमगला नाही. पुतण्याच्या ओठांवर आकडा आला होता, तो त्याने आवरला. काकांनी रुमालाने ओठ टिपला आणि भाव पुन्हा सांगितला. गिऱ्हाइकाला तो महाग वाटला, आणि ते घासाघीस करू लागले.